दुर्बीण टाकून बघू

'दुर्बीण' हा शब्द फारसी. दूरचं बघणारी ती दुर्बीण. मराठीत मात्र आपण हा शब्द अगदी उलट्या कामाला लावलाय. "दुर्बीण टाकून बघावं लागेल" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बघायची गोष्ट चंद्रावर नसते, आपल्याच पोटात असते. आणि ती टाकायची कुठून, हा प्रश्न पेशंटच्या मनात येतो तेव्हा समोरचा माणूस घसा खाकरतो आणि नजर टेबलावरच्या कॅलेंडरकडे वळवतो.

तर या शनिवारचा विषय सिस्टोस्कोपी. म्हणजे लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणे. विषय जरा नाजूक आहे, पण आपण सगळे मोठी माणसं आहोत. शिवाय दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून, एसीत पाणी न पिता कोड लिहिणाऱ्या आपल्या जमातीत मूतखडा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. माझ्या टीममधल्या दोघांना 'डीजे स्टेंट' काय असतो ते अनुभवाने माहीत आहे, आणि त्याचा गणपतीच्या मिरवणुकीशी संबंध नसतो हेही. ;-)

माझा या विषयाशी संबंध आला तो बाबांमुळे. २०२२ साली दिवाळीनंतर त्यांना लघवीतून रक्त गेलं. दुखणं नाही, ताप नाही, काही नाही. दोन दिवसांत आपोआप थांबलं, म्हणून ते कोणाला काही बोलले नाहीत. आईला कळलं ते तीन आठवड्यांनी, पुन्हा झालं तेव्हा. बाबांनी तीस वर्षं सिगरेट ओढलेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, सोनोग्राफी करून घेतली आणि मग ते वाक्य म्हणाले, "काका, दुर्बीण टाकून बघू." एक गाठ निघाली. ती काढली, तपासली, कॅन्सरचीच होती, पण वरवरच्या थरातली. आणि मग सांगितलं की पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आत डोकावायचं, कारण हा आजार पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे दोन वर्षांत आठ वेळा. बाबांनी त्याला 'तिमाही परीक्षा' असं नाव दिलं.

त्या वेटिंग रूममध्ये बसून बसून मी हे सगळं वाचत गेलो. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. त्यामुळे मला सारखा एकच प्रश्न पडायचा : हे बनवलं कोणी आणि कसं? हातभर लांब, पेन्सिलपेक्षाही बारीक नळी, तिच्यातून उजेड आत न्यायचा, चित्र बाहेर आणायचं, पाणी सोडायचं, शिवाय चिमटा घालायला जागा ठेवायची. आणि समोर जिवंत, घाबरलेला माणूस. रिक्वायरमेंटच बघा ना!

आधी हे नव्हतं तेव्हा काय होतं ते बघू. मूत्राशयातला खडा हा माणसाचा फार जुना वैरी. सुश्रुतसंहितेत अश्मरी काढायच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे आणि त्यात एक मजेशीर व्यवहारी सूचना आहे. शस्त्रक्रिया नाही केली तर मरण नक्की, केली तर जगण्याचा भरवसा नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी. आजच्या कन्सेंट फॉर्मचा हा खापरपणजोबाच म्हणायचा. तिकडे हिप्पोक्रेटसच्या शपथेत तर खड्यासाठी चिरफाड करणार नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडीन असंच वचन आहे. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने २६ मार्च १६५८ रोजी भूल नसलेल्या काळात असा खडा काढून घेतला आणि तो जगला. खडा टेनिसच्या चेंडूएवढा होता म्हणतात. पेपिसने तो खास डबी करून जपून ठेवला आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला मेजवानी द्यायचा. मला विचाराल तर वाढदिवसापेक्षा साजरी करण्यासारखी तारीख हीच.

१८२४ मध्ये पॅरिसच्या झाँ सिव्हियाल याने चिरफाड टाळायचा मार्ग काढला. लघवीच्या मार्गातूनच एक नळी आत सरकवायची, तिच्या टोकाच्या चिमट्यात खडा पकडायचा आणि आतल्या आत फोडायचा. भुगा लघवीवाटे बाहेर. त्याने नुसता दावा केला नाही, आकडे गोळा केले. जुन्या पद्धतीत शंभरात अठरा-एकोणीस माणसं दगावत होती, त्याच्या पद्धतीत दोन-तीन. १८३५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत यावर वाद झाला आणि वादाचा मुद्दा काय, तर वैद्यकात अशी आकडेमोड मुळात करावी का! प्रत्येक रोगी वेगळा, त्याची सरासरी कसली काढता, असा आक्षेप होता. ए-बी टेस्टिंगला विरोध करणारे प्रॉडक्ट मॅनेजर तेव्हाही होते तर.

पण सिव्हियालचं सगळं काम आंधळं होतं. खडा कुठे आहे, किती मोठा आहे, चिमट्यात खडाच आलाय की मूत्राशयाची भिंत, हे सगळं बोटांना जाणवेल तेवढंच. धातूची सळई आत घालायची आणि खड्यावर आपटल्याचा 'टक्' आवाज येतो का ते ऐकायचं, हे तेव्हाचं निदान. फ्रान्सचा पदच्युत बादशहा तिसरा नेपोलियन याच आंधळेपणात गेला असं म्हणायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये हेन्री थॉम्पसन हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला सर्जन त्याचा खडा फोडत होता. जानेवारी १८७३ मध्ये दोन वेळा फोडून झालं, तिसरी वेळ ठरली होती, आणि ९ जानेवारीला बादशहा वारला. शवविच्छेदनात खड्याचा बराचसा भाग अजून आतच असल्याचं दिसलं, आणि किडन्याही पार खराब झालेल्या. बादशहा असो की कारकून, आत दिसत नव्हतं म्हणजे कोणालाच दिसत नव्हतं.

खरं तर आत बघायचा पहिला गंभीर प्रयत्न त्याच्या बराच आधी होऊन गेला होता. फिलिप बोत्सिनी हा माइन्झमध्ये जन्मलेला, फ्रँकफुर्टला स्थायिक झालेला तरुण डॉक्टर. त्याने १८०६ च्या सुमारास एक यंत्र जगासमोर आणलं. नाव 'लिख्टलायटर', म्हणजे उजेड वाहून नेणारा. पत्र्याचा, चामडं चढवलेला फुलदाणीसारखा डबा. आत मेणबत्ती, तिच्यामागे अंतर्वक्र आरसा, आणि पुढे शरीराच्या निरनिराळ्या वाटांसाठी निरनिराळ्या नळ्या. नळीचे दोन भाग, एकातून उजेड आत जायचा आणि दुसऱ्यातून नजर. उजेडाची वाट आणि नजरेची वाट वेगळी ठेवायची, नाहीतर डोळे दिपतात आणि दिसत काहीच नाही, हे त्याला मेणबत्तीच्या काळात कळलं होतं.

व्हिएन्नात लष्करी वैद्यक अकादमीने यंत्र तपासलं, प्रेतांवर आणि काही रुग्णांवर वापरून पाहिलं, बरं मत दिलं. मग ते विद्यापीठाच्या वैद्यक शाखेकडे गेलं. या दोन संस्थांचं आपसात पटत नव्हतं. विद्यापीठवाल्यांनी नापसंती दाखवली आणि प्रकरण मिटलं. (दोन डिपार्टमेंटच्या भांडणात मेलेला प्रोजेक्ट कोणी पाहिला नाही? हात वर करा.) बोत्सिनी १८०९ मध्ये टायफसच्या रुग्णांवर उपचार करताना स्वतःच टायफसने गेला, वय पस्तीस. मागे बायको आणि मुलं. त्याचं मूळ यंत्र मात्र टिकलं आणि आज व्हिएन्नाच्याच संग्रहालयात आहे.

पुढची पन्नास वर्षं अधूनमधून कोणीतरी मेणबत्तीच्या जागी दुसरं काहीतरी लावून बघत राहिलं. त्यातला सांगण्यासारखा एक, पॅरिसचा आंतोनँ देसोर्मो. १८५३ मध्ये त्याने अल्कोहोल आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणावर जळणारा दिवा वापरला. 'एंडोस्कोप' हा शब्द वापरात आणला तो त्यानेच. उजेड मेणबत्तीहून चांगला, पण दिवा जळतोय पेशंटच्या मांड्यांच्या मध्ये! भाजण्याचा धोका पेशंटलाही आणि डोळा लावून बसलेल्या डॉक्टरच्या तोंडालाही. आणि इतकं करून दिसायचं काय, तर लांब नळीच्या दुसऱ्या टोकाशी रुपयाएवढासुद्धा नाही असा एक ठिपका. किल्लीच्या भोकातून आख्खा दिवाणखाना बघण्यासारखं.

माझ्या मते या गोष्टीचा खरा हिरो माक्सिमिलियान निट्झे. बर्लिनमध्ये १८४८ साली जन्म, नोकरी ड्रेस्डेनच्या हॉस्पिटलात. आपल्याआधीच्या सगळ्यांनी एकच गोष्ट चुकवली, असं त्याचं म्हणणं होतं. खोलीत उजेड हवा असेल तर दिवा खोलीत न्या, बाहेर अंगणात ठेवून दारातून कवडसा कशाला पाडताय? दुसरी गोष्ट, नुसत्या नळीतून बघू नका, नळीत भिंगं बसवा, म्हणजे समोरचा मोठा भाग एका नजरेत येईल. सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसता पुसता त्यातून त्याला समोरच्या चर्चचं चित्र दिसलं आणि डोक्यात कल्पना आली असं सांगतात. अशा गोष्टी नेहमी नंतर रचलेल्या वाटतात, पण चांगल्या असतात म्हणून टिकतात.

दिवा आत न्यायचा म्हणजे १८७७ साली नेमकं काय न्यायचं? बल्ब अजून यायचा होता. निट्झेने प्लॅटिनमची तार घेतली, तिच्यातून वीज सोडून ती पांढरीफटक तापवली आणि तीच नळीच्या टोकाशी ठेवली. तार इतकी तापायची की आतली माणसाची कातडी शिजेल, म्हणून तिच्याभोवती गार पाणी सतत खेळतं ठेवायचं. लिक्विड कूलिंग! आपल्या डेटा सेंटरवाल्यांना आता आता सुचतंय. ऑक्टोबर १८७७ मध्ये ड्रेस्डेनला प्रेतावर प्रात्यक्षिक झालं. पण तिथे यंत्र सफाईदार बनेना, म्हणून तो व्हिएन्नाच्या योसेफ लायटर या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराकडे गेला आणि १८७९ साली दोघांनी मिळून ते तिथल्या डॉक्टरांच्या सभेत सादर केलं. इथून सिस्टोस्कोपी खऱ्या अर्थाने सुरू झाली असं धरतात.

मूत्राशय म्हणजे रिकामी असताना चुरगळलेली पिशवी. ती बघायची तर आधी पाण्याने फुगवावी लागते, म्हणजे भिंतीच्या घड्या उलगडतात, आणि पाणी स्वच्छ हवं, रक्ताने गढूळ झालेलं चालत नाही. आजही तपासणी करताना पहिल्यांदा सलाईन सोडतात ते याचसाठी. बाबांना सगळ्यात जास्त त्रास नळीचा नाही, याचाच व्हायचा. लघवीला जोरात लागल्यासारखं वाटतं आणि उठता येत नाही.

त्याच १८७९ साली एडिसनचा बल्ब आला. आठेक वर्षांत तो इतका लहान झाला की नळीच्या टोकावर बसू लागला, आणि ती पाणी खेळवायची कटकट एका फटक्यात गेली. या छोट्या बल्बचं श्रेय कोणाचं यावरून निट्झे आणि लायटर यांचं कडाक्याचं भांडण झालं. निट्झे स्वभावाने तिरसट होता, श्रेय वाटून घेणं त्याला जमलं नाही. पण काम! १८८९ मध्ये पाठ्यपुस्तक, १८९४ मध्ये मूत्राशयाच्या आतल्या फोटोंचा आख्खा अ‍ॅटलास. पेपिसच्या काळात ज्या अवयवात बोट आणि सळई याशिवाय काही पोचत नव्हतं, त्याचा फोटो अल्बम!

आणि दिसायला लागल्यावर गोष्टी फार भराभर पुढे गेल्या. क्यूबात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला होआकीन अल्बारान याने १८९७ साली दुर्बिणीच्या टोकाला एक छोटी तरफ बसवली. मूत्राशयात दोन बाजूंनी दोन किडन्यांच्या नळ्या उघडतात. त्या तोंडांत बारीक कॅथेटर वळवून घालता यावा म्हणून ही तरफ. मग डाव्या किडनीची लघवी वेगळी, उजव्या किडनीची वेगळी तपासता येऊ लागली. याचं महत्त्व चटकन लक्षात येत नाही. एक किडनी काढायच्या आधी दुसरी चालू आहे की नाही हे कळायलाच हवं ना? त्याआधी हे पुष्कळदा अंदाजपंचे चालायचं. ती तरफ अजून त्याच्याच नावाने ओळखली जाते. डीजे स्टेंट घालताना आणि काढताना जी दोन तोंडं शोधतात ती हीच.

१८९५ मध्ये फ्रँकफुर्टचा सर्जन लुडविग रेन याने कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या तीन कामगारांच्या मूत्राशयात गाठी असल्याचं मांडलं आणि रसायनांशी त्याचा संबंध जोडला. मूत्राशय ही शरीराची टाकी. नको ती रसायनं किडनीतून गाळून तिथे येतात आणि तासन् तास साठून राहतात. सिगरेटच्या धुरातल्या रसायनांचंही तेच होतं. बाबांना फुप्फुसाचं काही झालं नाही म्हणून ते खुशीत होते. धूर छातीत घेतला तर लघवीच्या पिशवीला काय होणार, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोकांचा असतो.

गाठ दिसते, पण काढायची कशी? १९१० पर्यंत बहुधा पोट उघडूनच. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या एडविन बीअरने दुर्बिणीतूनच एक तार आत घालून जास्त वारंवारतेच्या विजेने, पाण्याखाली, गाठी जाळून दाखवल्या. पोटावर एक टाकासुद्धा नाही. पुढे १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न आणि १९३१ मध्ये जोसेफ मॅकार्थी यांनी विजेच्या तारेचं वेटोळं बसवलेलं उपकरण केलं, त्याने गाठ खरवडून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढता येते. बाबांची पहिली शस्त्रक्रिया याच वंशातल्या यंत्राने झाली. कमरेखालची भूल, पाऊण तास, बाहेर आले तेव्हा चहा मागत होते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९५०च्या सुमारास दुर्बिणीची अवस्था अशी होती की नळीत एकामागून एक छोटी भिंगं, मधे हवा. बहुतेक उजेड वाटेतच गळायचा. डोळ्याला कसंबसं दिसे, रंगीत फोटो काढायचा म्हटलं तर अशक्यच. लिव्हरपूलच्या जेम्स गाउ या यूरोलॉजिस्टला तेच तर करायचं होतं. तो हॅरॉल्ड हॉपकिन्सकडे गेला. हॉपकिन्स गरीब घरातला मुलगा, प्रकाशशास्त्रातला अवलिया. टीव्ही कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स हे त्याचं आधीचं काम.

त्याने काय केलं, तर प्रश्न उलटा केला. हवेच्या नळीत काचेची भिंगं ठेवण्याऐवजी काचेच्या लांब कांड्या ठेवल्या आणि मधे हवेच्या पातळ फटी. म्हणजे भिंगाचं काम हवा करते आणि मोकळ्या जागेचं काम काच! कांड्या पकडून ठेवणं सोपं, मधल्या टेकूंना जागा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच नळीतून कित्येक पटींनी जास्त उजेड. १९५९ साली पेटंट. ब्रिटनमध्ये कोणाला फारसा रस वाटला नाही. १९६५ मध्ये जर्मनीतल्या टुटलिंगेनच्या कार्ल स्टोर्झशी त्याची गाठ पडली आणि १९६७ मध्ये ती दुर्बीण बाजारात आली. हॉस्पिटलात आज कडक नळीची दुर्बीण असते ती मुळात हीच.

वाकणाऱ्या दुर्बिणीच्या मागेही हॉपकिन्सच आहे, आणि इथे आपला एक माणूस येतो. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेला नरिंदरसिंग कपानी हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्सचा विद्यार्थी. दोघांनी हजारो बारीक काचेच्या तंतूंची जुडी करून, ती वाकवूनही तिच्यातून चित्र नेता येतं हे दाखवलं. त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये जानेवारी १९५४ मध्ये आला. आधी ही युक्ती पोट बघायला वापरली गेली आणि १९८०च्या दशकात वाकणारी सिस्टोस्कोप सर्रास वापरात आली. पुरुषांसाठी हा फरक प्रचंड आहे, कारण पुरुषांचा लघवीचा मार्ग अठरा-वीस सेंटिमीटर लांब आणि वळणाचा. बायकांचा साधारण चार सेंटिमीटर आणि सरळ, त्यामुळे त्यांना कडक नळी नुसत्या जेलीवरही बऱ्याचदा सहन होते. पुरुषांना मात्र कडक नळीसाठी सहसा भूल द्यावी लागते.

आता तंतूंच्या जुडीऐवजी टोकावर सरळ कॅमेऱ्याची चिप असते. २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल काचेच्या तंतूंतून दूरवर प्रकाश नेण्यासाठी चार्ल्स काओला आणि सीसीडी चिपसाठी विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना विभागून मिळालं. एकाच वर्षी दोन्ही! कपानी तेव्हा हयात होते, त्यांना नाही मिळालं. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले, २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण. असो.

प्रत्यक्ष तपासणीचं म्हणाल तर ती या सगळ्या इतिहासाच्या मानाने फारच किरकोळ वाटते. आधी लघवी तपासतात, कारण जंतुसंसर्ग असेल तर पुढे ढकलतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगायच्या, स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. मग लघवी करून टेबलावर झोपायचं. मार्गात बधिर करणारी जेली सोडतात आणि काही मिनिटं थांबतात. जेलीत असतं ते लिडोकेन, निल्स लोफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये बनवलेलं. त्याआधी इथे कोकेन वापरत, आणि त्याआधी काहीच नाही. नळीची जाडी 'फ्रेंच'मध्ये मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, हे माप पॅरिसच्या शारियेर नावाच्या उपकरण कारागिराचं. वाकणारी नळी सोळा फ्रेंचच्या आसपास, म्हणजे पाच मिलिमीटरहून थोडी जास्त.

एक जागा अवघड असते, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूपाशी. तिथे डॉक्टर म्हणतात, "काका, लांब श्वास सोडा आणि लघवी करतोय असं मनात आणा." अंग आवळलं तर दुखतं, सैल सोडलं तर नळी सरकते. त्यानंतर पाचदहा मिनिटांत सगळं आटोपतं. जमलं तर डॉक्टरांना पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. दुसऱ्या वेळी बाबांनी सांगितलं आणि मलाही आत बोलावलं. फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर नकाशातल्या नद्यांसारख्या लाल रेषा, आणि एका कोपऱ्यात छोटंसं तोंड, जे दर थोड्या वेळाने उघडून पाण्याची चिळकांडी सोडत होतं. "ही तुमची उजवी किडनी काम करतेय," डॉक्टर म्हणाले. बाबा स्वतःचा धाक विसरून बघत राहिले.

पाचव्या परीक्षेत एक छोटीशी गाठ पुन्हा सापडली. मसुराच्या डाळीएवढी. तीही काढली, आणि मग मूत्राशयात बीसीजी सोडायचं ठरलं. हो, तीच बीसीजी, आपल्या सगळ्यांच्या डाव्या दंडावर जिचा वण आहे ती क्षयाची लस. ती मूत्राशयात सोडली की शरीराची संरक्षणव्यवस्था चवताळते आणि गाठी परत यायचं प्रमाण कमी होतं, हे कॅनडातल्या आल्व्हारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं. अजूनही अशा आजारावर हा एक मुख्य उपचार आहे. दुर्बिणीने ती डाळ दिसली नसती तर ती डाळीची राहिली नसती, एवढं मला कळतं.

तपासणी झाल्यानंतरचं सांगतो, कारण पहिल्या वेळी घाबरायला होतं ते त्यानंतरच. नुसती वाकणारी दुर्बीण असेल तर तासाभरात घरी. भूल दिली असेल तर सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पहिली लघवी जळजळते, चांगलीच. तेव्हा "आता करतच नाही" असं वाटतं आणि लोक पाणी प्यायचं बंद करतात. ते उलट आहे. पाणी कमी तर लघवी घट्ट, मग जळजळ जास्त. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यायचं (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून). आई बार्लीचं पाणी करून द्यायची, डॉक्टर म्हणाले साधंही चालेल, पण आईपुढे डॉक्टरांचं काय चालतंय! गुलाबीसर लघवी, सारखी लागल्याची भावना, थोडी ठणक हे एकदोन दिवस असतं. कोमट पाण्याचा शेक आणि लागली तर पॅरासिटामॉल. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जायचे. आतून तुकडा काढला असेल तर मात्र रक्त थोडे जास्त दिवस दिसू शकतं आणि जड उचलणं टाळायला सांगतात.

थांबायचं नाही असं केव्हा? लघवी तुंबली आणि पोट फुगलं, रक्त लालभडक झालं किंवा गाठी पडायला लागल्या, थंडी वाजून ताप आला म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर, किंवा पोटात, कमरेत दुखणं वाढत चाललं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दोनतीन दिवसांनंतरही जळजळ कमी न होता वाढत असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, पुन्हा लघवी तपासून घ्यायची. आणि ज्यांना अजून कोणी दुर्बीण टाकायला सांगितलेली नाही त्यांच्यासाठी : लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, दुखलं नाही तरी, आणि आपोआप थांबलं तरीसुद्धा, त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. घरी बाबा, काका, मामा असतील तर त्यांना जेवताना नको, पण चहाच्या वेळी स्पष्ट शब्दांत विचारा. आपण होऊन ते सांगत नाहीत.